लक्ष्मीपूजनाची ड्यूटी

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना पौर्णिमाच्या फोनवर एक फोटो आला. अकोल्याच्या ज्या डायलिसिस विभागाची ती इन्चार्ज होती, तिथल्या पांढऱ्या फळ्याचा तो फोटो होता. फळ्यावर दिवाळीच्या आठवड्याच्या ड्यूट्या लिहिलेल्या होत्या. तिनेच लिहिल्या होत्या, निळ्या पेनाने, आपल्या उभ्या, एकसारख्या अक्षरांत. लक्ष्मीपूजनासमोर मात्र तिचे नाव नव्हते. तिथे बोटाने पुसल्यासारखा निळसर डाग होता आणि त्या डागावरच कुणीतरी तिरके 'माया' असे लिहिले होते. खाली तिच्या हाताखाली काम करणाऱ्या अनुपचा संदेश होता : 'मॅडम, आज येऊ नका. आराम करा. आमी पाहून घेतो.' तिने तो वाचला, फोटो मोठा करून तो डाग पाहिला, पुन्हा लहान केला. आपले नाव पुसले गेले आहे हे तिला कळले, पण लागले नाही. काहीतरी लागायला हवे आणि ते लागत नाही, एवढीच जाणीव झाली. दात काढल्यावर बधिर हिरडीवरून जीभ फिरवावी तशी. मग गाडी आली. परत फिरले तर अमरावतीला जाणारा ऑटो करावा लागेल, ऑटो घरापाशी थांबेल आणि कुलूप काढावे लागेल, असा विचार तिच्या मनात पायरीपायरीने आला. कुलपापुढचे काही तिला दिसेना. ती गाडीत चढली.

आजची ड्यूटी तिची होती, आणि तेवढीच एक गोष्ट अजून तिची म्हणता येईल अशी उरली होती. लक्ष्मीपूजन पौर्णिमा मॅडमचे, हे विभागात कुणी कधी ठरवले नव्हते. ती नवी असताना एका दिवाळीला, सगळे रजेसाठी एकमेकांकडे पाहत असताना, तेव्हाचे मोठे डॉक्टर सहज म्हणाले होते, "तुमच्यात लक्ष्मीपूजन नसतं ना, सिस्टर? मग झालं तर." त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, अडलेला हिशेब सुटल्याचे समाधान होते. तिच्या घरी लक्ष्मीपूजन नसे हे खरेच होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्यानंतर त्या घरात देवघर राहिले नाही. आई दिवाळीत चिवडा करी तो शेजारच्या मुलांसाठी. तिचा सण दसऱ्याचा, धम्मचक्र प्रवर्तनाचा. तेव्हापासून अदलाबदल पडून गेली : दसऱ्याला ती पांढरी साडी नेसून नवऱ्याबरोबर, किशोरबरोबर, नागपूरला दीक्षाभूमीवर जाई आणि बाकीचे विभाग सांभाळत, लक्ष्मीपूजनाला ती विभागात राही आणि बाकीचे आपापल्या घरी पणत्या लावत. दिवाळी असो की दसरा, मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचे रक्त दिवसाआड मशीनमधून फिरावेच लागते. पुढे ती इन्चार्ज झाली, तेव्हा ही अदलाबदल तिने मोडली नाही. उलट तिचा उपयोग केला. कुणाची सासू कडक आहे, कुणाच्या गावी शेवटची बस किती लवकर सुटते, कुणी रजा मागायला लाजतो, हे तिला न विचारता कळे. माणसे म्हणत, मॅडमला सांगावे लागत नाही.

या वर्षी मात्र सांगावे लागले. दिवाळीच्या आधी माया रजा मागायला तिच्यासमोर उभी राहिली होती. लग्नानंतरची पहिली दिवाळी, धामणगावला माहेरी दिवाळसण, जावई येणार, त्याला कपडे करायचे, मामा-मावश्या जमणार. माया बोलत होती आणि पौर्णिमा तिच्या ओठांकडे पाहत होती. मशीनच्या पडद्यावरचे आकडे वाचावेत तसे तिने ते ऐकले : दाब ठीक, प्रवाह ठीक. योग्य उत्तर कोणते हे तिला पाठ होते, म्हणून तिने ते दिले. "जा तू, बिनधास्त जा," ती म्हणाली आणि हसलीसुद्धा. माया गेल्यावर आपण हसलो तेव्हा गाल किती वर गेले होते, याचाच विचार ती करत बसली. श्रावणापासून हे असेच होते. चहाचा चटका जरा उशिरा कळे. पेशंटच्या हातावर, जिथे दोन रक्तवाहिन्या जोडून सुईसाठी जागा केलेली असते, तिथे बोट ठेवले की आत मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर लागते. ती थरथर तिच्या बोटांना लागेनाशी झाली होती. ती आता स्टेथोस्कोप कानाला लावून खात्री करी आणि सुया टोचायचे काम अनुपकडे देई. अनुपने त्याबद्दल कधी विचारले नाही. तो पुढे होई, हातमोजे चढवी, आणि त्याच्या त्या न विचारण्याचे काय करावे हे तिला कळत नसे.

मूर्तिजापूर गेले. खिडकीबाहेर सोयाबीन निघालेली मोकळी शेते आणि मधून फुटलेला कापूस सरकत होता. समोरच्या बाकावर एक बाई झेंडूच्या माळांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने एक फूल गळून पडलेले उचलले आणि पौर्णिमाला दिले, का ते तिलाही माहीत नसावे. दसऱ्यालाही असेच कुणीतरी तिला काहीतरी दिले होते. आपट्याची पाने. या दसऱ्याला ती नागपूरला गेली नव्हती. किशोरशिवाय त्या गर्दीत उतरायचे कसे, हे तिला सुचेना, म्हणून आदल्या दिवशी ती अनुपला म्हणाली होती, "उद्या मी येते, तू जा गावी." अनुपला आनंद झाला होता, त्याला नव्या गाडीची पूजा करायची होती. दसऱ्याच्या दिवशी विभागात सगळ्यांनाच आनंद झाला. मॅडम या वर्षी आपल्यासोबत. मायाने तिच्या हातावर पाने ठेवली आणि वाकून नमस्कार केला. ती पाने एप्रनच्या खिशात टाकून पौर्णिमा संध्याकाळपर्यंत काम करत राहिली. जी बाई दर दसऱ्याला हमखास रजेवर असते ती आज इथे का, असे कुणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. संध्याकाळच्या गाडीत पांढऱ्या कपड्यांतली माणसे नागपूरच्या बाजूला निघालेली दिसली. बाया, कडेवरची पोरे, शिदोऱ्या. ती उलट दिशेने जात नव्हती, त्यांच्याच दिशेने जात होती. फक्त बडनेऱ्याला उतरली. किशोर गेल्यानंतरचा तो तिचा पहिला सण होता, आणि तो असा गेला.

अकोल्याला उतरून ती दवाखान्यात पोचली तेव्हा पहिली पाळी चालू होती. दारात कुणीतरी रांगोळी काढून वर काचेचा तुकडा ठेवला होता, पाय पडू नये म्हणून. अनुप बार्शीटाकळीच्या जानरावांच्या उशाशी उभा होता. तिला पाहून त्याचा चेहरा खरोखर उतरला.

"मॅडम, फोटो नाई पाह्यला का तुमी?"

"पाहिला."

"मंग काहून आल्या?"

"माझी ड्यूटी आहे. फळा कुणी पुसला?"

"म्या पुसला. लावा मेमो."

जानराव मान उचलून पाहत होते. सत्तरीचे, मूळचे शेतकरी, दिवसाआड लेकाच्या मोटारसायकलवर बसून येणारे. "आल्या बाप्पा मॅडम," ते म्हणाले, "आता संध्याकायी हे दोघं डबा घेऊन अमरावतीले कोनाच्या घरी जातीन?"

अनुपने कपाळावर हात मारला. "काका, तुमच्या पोटात पानी तेवढं टिकते. गोष्ट टिकत नाई."

"पानी टिकते म्हनून तं येतो ना तुह्या दारी. नाईतं मले काय हौस हाय? काल सुनंनं अनरसा देला, म्या अर्धाच खाल्ला. अर्ध्याचं किती पानी काढशीन, सांग."

"वजन सांगते मले सगळं. अर्धा खाल्ला म्हने."

पलीकडच्या खाटेवरचा पेशंट हसला. पौर्णिमाने जानरावांच्या नळ्या पाहिल्या, पडदा पाहिला, सवयीने त्यांच्या पावलाची सूज दाबून पाहिली. जानराव तिच्याशी जरा जास्तच थट्टा करत, श्रावणापासून. किशोर गेला त्या सकाळी ते याच खाटेवर होते. त्यांची पाळी संपत आली होती आणि तिच्या खिशातला फोन पुन्हा पुन्हा थरथरत होता. शेजारच्या बाईंचा आवाज : किशोरभाऊ बाथरूमपाशी पडले, डॉक्टर येऊन गेले, ते नाही म्हणतात. नाही म्हणतात म्हणजे काय, असे तिने विचारले नाही. जानरावांचे रक्त मशीनमध्ये होते. ते अंगात परत गेल्याशिवाय माणसाला सोडता येत नाही. तिने रक्त परत केले. सुया काढल्या. टोचलेल्या जागी कापूस ठेवून बोटाने दाबून धरले, रक्त थांबेपर्यंत, जसे धरतात तसे. आणि जानराव त्या वेळी तिला तुरीच्या शेंगांबद्दल काहीतरी सांगत होते आणि ती 'हो का' म्हणत होती. नंतर तिने हात धुतले, अनुपला म्हणाली, "मला जरा घरी जावं लागेल." जरा. त्या दाबून धरलेल्या बोटातच काहीतरी अडकले असावे असे तिला पुढे अनेकदा वाटले. तिथून ते वर चढले नाही, खाली उतरले नाही. अमरावतीच्या घरी माणसे रडत होती, पुण्याहून लेक आली, तिच्या गळ्यात पडली, आणि पौर्णिमा लेकीच्या पाठीवरून हात फिरवत तिचा ताप पाहत राहिली.

"माया कुठं आहे?" तिने विचारले.

"मांगं हाय, खोलीत. तुमचा आवाज आयकून लपली असंन."

मागच्या खोलीत औषधी पाण्याचे डबे रचून ठेवलेले होते आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कर्मचारी जेवत. माया तिथल्या स्टुलावर बसली होती. तिच्या हातात हिरवा चुडा होता, वर एप्रन. समोर स्टीलचा पाच पुडांचा डबा, फडक्यात गच्च बांधलेला. पौर्णिमाने डब्याकडे पाहिले आणि तिला सगळे समजले. तिच्या शेजारपाजारी, मैत्रिणींच्या घरी तिने हे अनेकदा पाहिले होते. ज्या घरातले माणूस त्या वर्षी गेले, त्या घरी पहिल्या सणाला गोडाचे काही रांधत नाहीत. जवळची माणसे डबा घेऊन जातात, दुःखात असलेल्याच्या तोंडात गोड घास घालतात, आणि मग त्या घराला सण मोकळा होतो. तो घास परक्याने घालायचा नसतो.

"पुरनपोळ्या हायेत," माया खाली पाहून म्हणाली. "पहाटे उठून केल्या. भजे हायेत, कढी हाय. अनुपदादा म्हने, मॅडमचा पहिला सन हाय, एकट्या कशा बसतीन घरात. आमी दुसरी पाळी आटपून संध्याकायच्या गाडीनं येनार होतो. तुमच्या घरून मी रातच्या गाडीनं धामनगावले जाईन, असं ठरलं."

"तिकडे जावई येऊन बसला असेल."

"आले ते काल. आई बोलून राह्यली मले फोनवर. बोलू दे. दिवाळसन काय पुढच्या वर्षीबी करता येते. तुमचा पहिला सन पुढच्या वर्षी नाई येनार."

अनुप दारात येऊन उभा राहिला होता, चौकटीला टेकून, एक कान बाहेर मशीनकडे. दोघेही तिच्याकडे पाहत होते. तिने काय म्हणायला हवे हे तिला नेहमीसारखे पाठ होते : किती गं तुम्ही करता माझ्यासाठी. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होऊन बसले होते. ते म्हटले असते तर सगळे सुखरूप पार पडले असते. तिने घास घेतला असता, मायाने डोळे पुसले असते, दोघांचे मन भरले असते. आणि इन्चार्जचे काम तेच असते, माणसांना त्यांच्या चांगुलपणासकट घरी पोचवणे. पण मग ती पुन्हा त्या खोलीत एकटीच उरली असती, आणि त्यांना ते कधीच कळले नसते. पुढच्या वर्षी, त्यापुढच्या वर्षी, ही दोघे तिच्यावर असेच चुकीच्या दिवशी प्रेम करत राहिली असती. तिला त्याचा राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, असे तिला वाटले. तिने स्टूल ओढले आणि ती मायासमोर बसली.

"माझा पहिला सण दसऱ्याला झाला," ती म्हणाली.

मायाला कळले नाही. "दसऱ्याले तं तुमी ड्यूटीवर होत्या."

"हो."

"म्या सोनं देलं होतं तुमाले."

"हो. दिलं होतंस."

बाहेर कुठेतरी एक सुतळी बाँब फुटला आणि खोलीतल्या डब्यांतले पाणी किंचित हलले. माया तोंडावर हात ठेवून बसून राहिली. चुडा कोपरापर्यंत घसरला. अनुप चौकटीपासून सरळ झाला. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज चिडलेला होता.

"मंग आमाले काहून नाई सांगतलं? सांगाले नको? आमाले काय माईत? मी तिकडं गावी गाडीले हार घालून राह्यलो, अन् तुमी..."

"तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही."

"विचारलं नाई म्हनून सांगाचं नाई? तुमी नाई का आमचं न विचारता सांगून टाकत? माया पोटुशी नसतानाबी तुमी तिले खुर्ची देली होती मागं."

माया रडता रडता हसली आणि मग पुन्हा रडली. पौर्णिमाला वाटले, अनुपचे म्हणणे बरोबर आहे. तिने सगळ्यांचे ओळखले होते, आणि आपले ओळखायला कुणाला शिकवलेच नव्हते. मोठ्या डॉक्टरांनी एका वाक्यात ठरवलेल्या त्या अदलाबदलीत तिची दिवाळी नसणे तेवढे सगळ्यांच्या लक्षात राहिले; तिचा दसरा असणे कुणाच्या लक्षात राहिले नाही. आणि तिला ते सोयीचे होते, कारण काही असण्याबद्दल बोलावे लागते, नसण्याबद्दल लागत नाही.

"पुढच्या दसऱ्याले मी करतो ड्यूटी," अनुप म्हणाला. "लिहून ठेवा. तुमी नागपूरले जा."

पुढचा दसरा पहिला नसेल, हे त्याला सुचले नव्हते. तिने ते त्याला सांगितले नाही. एका दिवसात एवढे पुरे होते. "कर," ती म्हणाली. मग तिने मायाच्या डब्याचे फडके सोडले, पोळीचा तुकडा मोडला आणि स्वतःच्या हाताने तोंडात घातला. पोळी गार झाली होती. तिला आधी पिठाचा पोत कळला, मग वेलदोडा. "चांगली झाली आहे. उरलेल्या बांध आणि घेऊन जा नवऱ्याला. दुपारची गाडी मिळेल तुला. तुझे पेशंट मी घेते."

"पन तुमी घरी..."

"माया, घरी मला काही काम नाही. इथे आहे. जा."

माया गेली. जाताना दारातल्या रांगोळीपाशी अडखळली, वळली, पुन्हा आत येऊन पौर्णिमाच्या पाया पडायला वाकली, आणि मध्येच, पाया पडावे की नाही हे न कळल्यासारखी, सरळ होऊन तिने दोन्ही हात जोडले. "जय भीम, मॅडम," ती म्हणाली, पहिल्यांदाच, परक्या गावाचे नाव उच्चारावे तसे जपून. पौर्णिमाने मान हलवली. जानरावांची पाळी संपली. त्यांचा लेक आला. जाताना त्यांनी विचारले, "जेवल्या का मॅडम?" आणि उत्तराची वाट न पाहता काठी टेकत गेले.

दुसरी पाळी लागली. उन्हे उतरली तशी रस्त्यावरची गडबड वाढत गेली, मग दिवे लागल्यावर एकदम ओसरली. आता घरोघरी पूजा चालू असणार. विभागात चार मशीन एका लयीत चालू होती. पेशंट डोळे मिटून पडले होते. पौर्णिमा दोन खाटांच्या मधल्या खुर्चीत बसली होती, दर वर्षी बसे तशी, आणि तिला दर वर्षीसारखेच वाटत होते; म्हणजे फारसे काही नाही. आज तिने सांगून टाकले होते आणि सांगून काही बदलले नव्हते. हलके वाटेल अशी तिची अपेक्षाही नव्हती. अनुप एकेका खाटेचा दाब बघत फिरला, मग चाकांचे स्टूल पायाने ढकलत तिच्याजवळ आणून बसला. त्याने हातमोजे काढले, त्यांची गुंडाळी केली आणि ती हातातच ठेवली.

"मॅडम, सर कसे होते?"

तिने त्याच्याकडे पाहिले. किशोर कसा गेला हे सगळ्यांनी विचारले होते. आधी काही त्रास होता का, डॉक्टर काय म्हणाले, लेक तुम्हाला पुण्याला नेणार का. या प्रश्नांची तिची उत्तरे झिजून गुळगुळीत झाली होती. हे कुणी विचारले नव्हते. 'चांगले होते' हे उत्तर लगेच वर आले. तिने ते बाजूला केले आणि त्याच्यामागे काही आहे का ते पाहू लागली.

"त्यांना चालता चालता बोलता येत नसे," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"बोलायचं झालं की ते थांबायचे. रस्त्यात, कुठंही. मी आपली पुढं निघून जायची आणि बघते तर शेजारी कुणी नाही. मागं वळावं तर हे तिथंच उभे, हात वर करून, कॉलेजातल्या कुठल्यातरी पोराची गोष्ट सांगताहेत, मी शेजारी आहे असं समजून. एकदा दीक्षाभूमीवर, दसऱ्याला, एवढी गर्दी, पाय ठेवायला जागा नाही..."

पलीकडच्या खाटेवरचे मशीन वाजू लागले. अनुप उठला. पेशंटने झोपेत हात मुडपला होता आणि नळी दुमडली होती. तो हळूच बोलत होता, "हात सीधा ठेवा भाऊ, हाव, असा," आणि नळी मोकळी करत होता. पौर्णिमा थांबली. अर्धे वाक्य तिच्या तोंडात होते. आता तो पुढच्या खाटेकडे जाईल, मग त्यापुढच्या, मग दाब लिहायची वेळ होईल, आणि हे राहून जाईल, असे तिला दिसत होते; असे राहून गेलेले तिला आजवर कधी अडले नव्हते. पण या वेळी तिने खुर्चीचे हात धरले होते. दीक्षाभूमीवरच्या त्या गर्दीत किशोर उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात, काखेत नव्या पुस्तकांचा गठ्ठा, आणि माणसे त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती, आणि त्याने हात वर केला होता, आणि तो काय सांगत होता ते तिला आठवत होते. ते सगळेच्या सगळे आठवत होते. अनुपने लवकर परत यावे असे तिला वाटले.

मशीनचा आवाज थांबला. अनुपने पेशंटच्या अंगावरची चादर ओढून दिली, वळला, स्टुलावर येऊन बसला आणि पुढे झुकला.

"हं," तो म्हणाला. "मंग?"